फूटजॉय सगळ्यांत जास्त पायांत का दिसतो

गोल्फच्या बुटांच्या जाहिरातीत "टूरवर पहिल्या क्रमांकाचा बूट" हे शब्द दिसले की बूट बहुधा फूटजॉयचा असतो. टूर म्हणजे पीजीए टूर, अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका. कंपनी हा मान 1945 पासून आपल्याकडे असल्याचं सांगते. दावा पोकळ नाही, पण वाचणारा त्यातून जे समजतो ते त्यात नसतं. कोणता बूट जास्त खपतो किंवा कोणता जास्त चांगला, याबद्दल तो काहीच बोलत नाही. ती निव्वळ शिरगणती आहे. नेमकं म्हणायचं तर पायगणती.

ही गणती कशी होते ते आधी पाहू, कारण फूटजॉयच्या लोकप्रियतेचं निम्मं कोडं तिथेच सुटतं. पीजीए टूरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीच्या दिवशी डॅरेल सर्व्हे या कंपनीची माणसं पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, उभी असतात. येईल त्या खेळाडूच्या काठ्यांपैकी ड्रायव्हर कोणता, पटर कोणता, शिवाय चेंडू, हातमोजा आणि पायातले बूट कोणते, हे ती टिपून घेतात. त्या वहीत जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूचे पाय दोनच, आणि पात्रता फेरीतून कसाबसा आत आलेल्याचेही दोनच. बूट विकत घेतला, फुकट मिळाला की करारातून आला, याची नोंद तिथे होत नाही. पूर्ण भरलेल्या स्पर्धेत सव्वाशेच्या आसपास खेळाडू उतरतात आणि टीव्हीवर त्यातले पंधरा-वीसच धड दिसतात. रविवारी दुपारी शेवटच्या दोन जोड्या पाहिल्या, तर सगळं जग नायके आणि आदिदास घालून खेळतंय असं वाटेल. गुरुवारी सकाळी साडेसातला टी-ऑफ करणाऱ्यांचे पाय पाहिले की चित्र पालटतं. फूटजॉयची ताकद त्या न दिसणाऱ्या शंभर जणांत आहे.

म्हणून हा क्रमांक सर्वोत्तम बुटाचा पुरावा ठरत नाही, पण त्यातून एक गोष्ट नक्की कळते. ज्यांची पोटापाण्याची सोय पायांवर अवलंबून आहे, आठवड्यात पाच-सहा दिवस जे आठ-दहा किलोमीटर चालतात, त्यांच्यातल्या फारशा नावाजलेल्या नसलेल्या मंडळींनाही हा बूट चालतो. बूट चावला की नाव, जाहिरात, करार सगळं बाजूला पडतं.

दुसरी मोजदाद दुकानातली. अमेरिकेत गोल्फ डेटाटेक ही कंपनी गोल्फच्या दुकानांतल्या विक्रीचे आकडे गोळा करते. असे आकडे वाचताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिला, वाटा जोड्यांत मोजलाय की डॉलरांत? महाग बूट विकणारी कंपनी डॉलरांत वर जाते आणि स्वस्त बूट विकणारी जोड्यांत, त्यामुळे दोघीही एकाच वर्षी स्वतःला पहिलं म्हणवून घेऊ शकतात आणि दोघीही खोटं बोलत नसतात. दुसरा, कोणती दुकानं धरली? कोर्सवरचं प्रो-शॉप आणि कोर्सबाहेरचं गोल्फचं मोठं दुकान यांचे आकडे वेगवेगळे लागतात. तिसरा, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची आणि सर्वसाधारण क्रीडासाहित्याच्या दुकानांतली विक्री त्यात आली का? नायके आणि आदिदास यांचा बराच माल याच वाटांनी जातो. त्या वाटा वगळल्या की फूटजॉय फुगलेला दिसतो.

तिसरा आरसा हिशेबवहीचा. फूटजॉय ही अकुशनेट कंपनीची शाखा, टायटलिस्ट चेंडूची सख्खी बहीण. अकुशनेटचा शेअर 2016 पासून न्यूयॉर्कच्या बाजारात आहे, त्यामुळे आकडे उघडे असतात. 2024 मध्ये कंपनीची एकूण विक्री सुमारे 2.46 अब्ज डॉलर होती आणि तिच्यात फूटजॉयचा वाटा साधारण एक चतुर्थांश. पण थांबा, हा वाटा नुसत्या बुटांचा नाही. अहवालातल्या त्या विभागात बूट, हातमोजे आणि कपडे एकत्र येतात. हा आकडा बुटांचा म्हणून पुढे ढकलणारे लेख पुष्कळ आहेत. ते वाचून पुढचं गणित मांडू नये.

आता मूळ प्रश्न. बुटांच्या धंद्यात नायकेसारखे हत्ती असताना, गोल्फपुरती का होईना, ही एक कंपनी इतकी वर्षं पुढे कशी राहिली?

उत्तराची सुरुवात मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटनला होते. ब्रॉकटन हे एके काळी बुटांचंच गाव. 1857 मध्ये तिथे सुरू झालेल्या कारखान्याची पुढे बर्ट अँड पॅकार्ड ही कंपनी झाली. ती पुरुषांचे नेहमीच्या वापराचे चामडी बूट करायची. फूटजॉय हे नाव 1920 च्या दशकात आलं. 1927 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातली सांघिक स्पर्धा, पहिला रायडर कप, त्याच राज्यात, वूस्टरला झाला, आणि अमेरिकन संघाच्या पायात फूटजॉय होते. पुढे मालक बदलत गेले: 1957 मध्ये टार्लो कुटुंबाकडे, 1985 मध्ये अमेरिकन ब्रँड्सकडे आणि त्यातून अकुशनेटच्या घरात. 2011 मध्ये फिला कोरियाच्या पुढाकाराने एका गटाने सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास मोजून अख्खी अकुशनेट घेतली. उत्पादनाचा गाडा चीनमध्ये फुझौला गेला आणि अलीकडे व्हिएतनामकडे वळला. ब्रॉकटन उरलं ते मॉडेलांच्या नावांत. पॅकार्ड, फील्ड, फ्लिंट, टार्लो ही प्रीमियर मालिकेतली नावं जुन्या मालकांची आहेत.

या वंशावळीतून एक कामाची गोष्ट टिकली, ती म्हणजे रुंदी. चामडी बुटांचा जुना कारखाना लास्टवर चालतो. लास्ट म्हणजे ज्यावर बूट बेततात तो पायाच्या आकाराचा साचा. मापाइतकीच रुंदीही महत्त्वाची असं त्या धंद्यात धरूनच चालतात. खेळाच्या बुटांच्या कंपन्या बहुधा एकच मध्यम रुंदी करतात, फार तर एक रुंद. फूटजॉय अनेक मॉडेलांत अरुंद, मध्यम, रुंद आणि अतिरुंद अशा चार रुंदी देत आला. ऐकायला हे किरकोळ वाटतं. हिशेब करून पाहा. सात ते बारा अर्ध्या-अर्ध्या मापांनी अकरा मापं, वर तेरा आणि चौदा, म्हणजे तेरा. त्यांना चार रुंदींनी गुणलं की 52 जोड्या, त्याही एका रंगात. तीन रंग ठेवले की 156. एका मॉडेलसाठी इतका माल कोणतं छोटं प्रो-शॉप ठेवील? कोणतंच नाही. तो कंपनीच्या गोदामात राहतो, दुकानात मापापुरत्या काही जोड्या असतात आणि बाकी मागवून घेतात. हा पसारा सांभाळायला भांडवल अडकवावं लागतं, न खपलेली मापं पोसावी लागतात. फॅशनवर चालणाऱ्या कंपनीला हे परवडत नाही, कारण तिचा रंग पुढच्या मोसमात शिळा होतो. फूटजॉयचा पांढरा बूट पुढच्या वर्षीही पांढराच असतो.

दुसरं कारण प्रो-शॉप. अकुशनेट आपल्या विक्रीच्या पद्धतीला प्रभावाचा पिरॅमिड म्हणते: टोकावर टूरचे व्यावसायिक, त्यांच्याखाली क्लबांतले प्रशिक्षक आणि चांगले हौशी खेळाडू, आणि तळाशी बाकी सगळे. टोकावरच्या माणसाला पोस्टरवर लावणं कुणालाही जमतं. मधला थर हाती येणं अवघड, आणि विक्री तिथेच होते. क्लबचा प्रशिक्षक जो बूट स्वतः घालतो तोच सभासदाला सुचवतो. शिवाय 1980 पासून स्टा-सॉफसारख्या हातमोज्यांमुळे फूटजॉयचा माल काउंटरवर कायम असतो. हातमोजा काही फेऱ्यांत झिजतो, बूट दोन-तीन वर्षं टिकतो. म्हणजे बूट घ्यायची वेळ येईपर्यंत गिऱ्हाइकाने त्या नावाला डझनभर वेळा पैसे दिलेले असतात. बुटांच्या खपाचा विचार करताना लोक हातमोजा विसरतात.

हे सिंहासन हललं नाही असं नाही. 2010 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत गोल्फपटू फ्रेड कपल्स एको कंपनीचे, स्पाइक म्हणजे तळाला खिळे नसलेले, रस्त्यावर घालावेत तसे बूट घालून आला आणि पहिली फेरी 66 फटक्यांत संपवून आघाडीवर राहिला. स्पाइकशिवाय गोल्फ खेळता येतं हे तोवर माहीत नव्हतं असं नाही, पण त्या आठवड्यानंतर ते सगळ्यांना हवंसं वाटू लागलं. फूटजॉयकडे स्पाइकलेस बूट होते, मात्र टूरवर मिरवावा असा दमदार स्पाइकलेस बूट म्हणजे 2016 चा प्रो/एसएल. सहा वर्षं हा मोठा उशीर आहे. या काळात एको, आदिदास, पुढे स्केचर्स यांनी हलके आणि मऊ बूट शोधणारं गिऱ्हाईक उचललं, तर जी/फोरने महागडं आणि दिखाऊ. 2021 ची प्रीमियर मालिका हे याला दिलेलं उत्तर होतं: बाहेरून जुन्या वळणाचं चामडं, आतून आधुनिक तळ.

आणि मग एप्रिल 2022. फेब्रुवारी 2021 च्या गाडीच्या अपघातात उजवा पाय जबर मोडलेला टायगर वुड्स मास्टर्सला परतला तो फूटजॉय घालून, नायकेशी करार असताना. चढउताराच्या कोर्सवर पायाला जास्त स्थैर्य हवं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. अशी जाहिरात विकत मिळत नाही. पण यातून "फूटजॉय सर्वांत स्थिर" असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. शस्त्रक्रिया झालेल्या एका पायाला एक विशिष्ट बूट मानवला, इतकंच ते सांगतं.

आता खरेदीकडे. खपाचा बूट घेण्याचा खरा फायदा मापांची उपलब्धता हा आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण तोच घेत नाहीत. बूट चवड्यावर आवळला की लोक रुंदी बदलायचं सोडून अर्धं माप वर जातात. अमेरिकन मापांत पूर्ण एक माप वाढलं की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटर वाढते आणि चवड्याचा घेर पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरांहून थोडा जास्त. रुंदी एक पायरी वाढवली तरी घेर तेवढाच वाढतो, पण लांबी जागच्या जागी राहते. पूर्ण माप वाढवून तेवढाच घेर मिळवणाऱ्याला न मागितलेली साडेआठ मिलिमीटर लांबी गळ्यात पडते. त्याने नुसती पुढे जागा उरते असं नाही. बूट जिथे वाकतो ती रेघ पुढे सरकते, पाय मात्र आपल्या जागीच वाकतो. मग बोटांच्या सांध्यावर चामड्याची घडी रुतते, टाच वर उचलली जाते आणि डाउनस्विंगमध्ये, म्हणजे काठी चेंडूकडे खाली आणताना, पुढचा पाय बुटातल्या बुटात फिरतो. बूट घसरला असं वाटतं. प्रत्यक्षात तळ गवतावर घट्ट असतो, पाय आत घसरलेला असतो.

म्हणून मोजायचं ते संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पाय, आणि खेळताना घालता तेच मोजे घालून. ब्रॅनॉकच्या पट्टीवर दोन लांब्या मिळतात: टाचेपासून बोटापर्यंत आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंत. दोन्हींत फरक आला तर जी मोठी ती धरा. पुरुषांच्या मापांत डी म्हणजे मध्यम, बायकांच्या मापांत बी. पुढे अंगठ्याच्या निम्म्या रुंदीइतकी जागा पुरे. धावण्याच्या बुटात अंगठाभर जागा सोडतात ती सवय इथे नको, कारण गोल्फमध्ये पाय पुढेमागे आपटण्यापेक्षा आडवा जास्त ढकलला जातो. बूट घातल्यावर चालून बघणं पुरेसं नाही. हातात काठी नसली तरी पूर्ण स्विंगची, म्हणजे फटका मारण्याची, हालचाल करा आणि शेवटच्या स्थितीत थांबा. पुढच्या पायाच्या करंगळीची कड बुटाच्या बाहेर झुकली तर बूट रुंद आहे किंवा नाडी वरच्या दोन छिद्रांत सैल आहे. नाडी आवळून तेच पुन्हा करा. तरीही झुकली तर रुंदी एक पायरी कमी हवी. दोन पायांत अर्ध्या मापाचा फरक अगदी सर्रास असतो. तो त्याहून जास्त असेल तर तयार जोडीच्या मागे न लागता मायजॉयसारख्या मागणीप्रमाणे बनणाऱ्या बुटांचा विचार करावा, जिथे दोन पायांना वेगळी मापं सांगता येतात. बोआची फिरकी असलेला, म्हणजे नाडीऐवजी चकती फिरवून तार आवळायचा बूट घेताना आणखी एक बघा. तार सगळीकडे सारखी ताणली जाते, नाडीसारखी वर घट्ट आणि खाली सैल ठेवता येत नाही. उंच कमान असलेल्या पायाला ती वरून दाबते.

स्पाइकचा बूट घेतला तर क्लीट, म्हणजे तळाचे बदलता येणारे खिळे, हा खर्चाचा आणि कटकटीचा भाग. 1990 च्या दशकात धातूचे खिळे गेले आणि प्लास्टिकचे आले. ग्रीनचं, म्हणजे होलभोवतीच्या नाजूक गवताचं, भलं झालं, पण क्लीट झिजू लागल्या. साधारण पंधरा ते वीस फेऱ्यांनंतर त्या बदलायला येतात, डांबरी पार्किंगमधून रोज चालत असाल तर आणखी लवकर. बऱ्याच क्लीटवर झीज दाखवणारी खूण असते. ती दिसेनाशी झाली की सगळ्या एकदम बदला. दोन नव्या आणि पाच जुन्या अशी खिचडी केली तर तळ तिरका बसतो. विकत घेण्यापूर्वी बुटाची बैठक, म्हणजे क्लीट फिरवून बसवतात ती खाच, कोणती ते तपासा. पिन्स आणि फास्ट ट्विस्ट या पद्धतींच्या क्लीट एकमेकींच्या जागी बसत नाहीत, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बैठक वेगळी असू शकते. चुकीची क्लीट जोर लावून फिरवली की बसल्यासारखी वाटते, चौथ्या होलला निखळते आणि बैठकीचे आटे घेऊन जाते. आटे गेले की ती बैठक संपली.

अडकलेली क्लीट काढायची तर तळाचा तेवढा भाग पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टाचणीने कडेची वाळू काढा, पान्याच्या दोन्ही पिना पूर्ण आत बसवा आणि वरून तळहाताचा भार देत घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. पिनेची भोकं फाटली तर पक्कडीने कड धरून वळवा. नवी बसवण्याआधी बैठक ब्रशने साफ करून पूर्ण कोरडी करा. क्लीट हरवली तर त्याच दिवशी दुसरी लावा. मोकळ्या बैठकीत दोन फेऱ्यांतच माती दगडासारखी बसते.

पाणीरोधक बुटांबद्दलच्या तक्रारी सगळ्यांत जास्त ऐकू येतात. कंपनी मॉडेलप्रमाणे एक किंवा दोन वर्षांची हमी देते. हमी मागण्याआधी पाणी आलं कुठून ते बघा. पँटच्या कडेवरून मोज्यात झिरपलेलं पाणी बुटाच्या माथी मारलं जातं. बूट रिकामा घेऊन चवड्यापर्यंत पाण्याच्या टबात धरा, आत कोरडा टिश्यू ठेवा, पंधरा मिनिटांनी पाहा. डाग पडला तो बहुधा बोटांच्या घडीपाशी, कारण आतला पडदा तिथे सर्वांत जास्त वाकतो. भिजलेला बूट हीटरपुढे किंवा ड्रायरने वाळवला की गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. इनसोल बाहेर काढा, नाड्या सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी ते बदला. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर दोन्ही मिळून एकीच्या दुपटीहून जास्त टिकतात, कारण चामड्याला वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

एक शेवटचा मुद्दा, तोही खपाशीच जोडलेला. जी कंपनी इतक्या मापांचा आणि रुंदींचा माल ठेवते तिचा न खपलेला मालही जास्त असतो, आणि तो दोन-तीन वर्षांनी मोठ्या सवलतीत येतो. विचित्र मापाच्या पायाला ही पर्वणीच. पण पॉलियुरेथेनचा तळ न वापरताही म्हातारा होतो. हवेतल्या ओलाव्याने त्याचं विघटन होतं, बंद खोक्यात आणि उष्ण जागी तर लवकरच. असा बूट दिसायला कोरा असतो आणि दुसऱ्या फेरीत टाचेखालून भुगा सोडतो. सवलतीतली जोडी घेताना जिभेवरच्या लेबलावरची निर्मितीची तारीख वाचा, तळ दोन्ही हातांनी वाकवून बारीक भेगा बघा, नखाने दाबल्यावर तो चिकट लागला किंवा खूण तशीच राहिली तर जोडी परत ठेवा. गाडीच्या डिकीत वर्षभर पडून राहिलेल्या स्वतःच्या बुटांनाही हीच परीक्षा लावा, आणि ती स्पर्धेच्या आदल्या रात्री न लावता आठवडाभर आधी लावा.